केळी आली की उतरा

चौथी माळ, शनवारा

बऱ्हाणपुरात जिलबी उपवासाला चालते. परतल्यापासून इथे साताऱ्यात हे मी ज्या-ज्या मैत्रिणीला सांगितले, तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू तापी ओलांडताना माझी बुद्धी नदीपात्रात पडली असावी. परंतु ती जिलबी मैद्याची नव्हेच. खवा आणि आरारूट एकजीव करून ती कढईत सोडतात, सोनेरी रंग मागे टाकून भाजलेल्या मातीच्या रंगावर येईपर्यंत तळतात आणि मग पाकात बुडवतात. शनवाऱ्यातल्या एका दुकानाच्या फळीशी उभी राहून मी पहिला घास घेतला, तेव्हा संध्याकाळच्या उजेडाची, तुपाच्या धुराची आणि त्या जिलबीची छटा एकच होती.

"खा गं निवांत, माझाही उपवास हिनं मोडत नाही," माधुरी म्हणाली. "इथं सगळे खातात. मी तर उपवासच हिच्यासाठी करते."

माधुरी माझी कॉलेजातली मैत्रीण. एकाच बाकावर बसून आम्ही वृत्ते पाठ केली. पुढे मी ती शिकवू लागले आणि ती लग्न होऊन इकडे आली. तिचे यजमान सुधाकरराव चांदनीच्या पलीकडच्या कागद कारखान्यात कामाला आहेत. त्यांचे वडील त्याच कारखान्यासाठी वऱ्हाडातून इथे आले आणि इथलेच झाले. या घरातली मराठी कान देऊन ऐकावी अशी आहे. क्रियापदे मराठी, आणि त्यांचे बोट धरून चालणारे शब्द मात्र बाजारातून नुकतेच घरी आलेले.

"शुभामावशी, तुम्ही पहिले फ्रेश होऊन घ्या, मग आपण आरामशीर टाइमचं बोलू," माधुरीची लेक रूपाली दारातच म्हणाली. तिचे डोळे माझ्यावर नव्हतेच. जिन्याखाली उतरवून ठेवलेल्या, कापडी पिशवीत सुटी करून आणलेल्या माझ्या सायकलीवर होते.

हा प्रवास त्या सायकलीसाठीच होता. डोंगरवाटांवर सायकल चालवण्याचा छंद मला चाळिशीनंतर लागला, आणि उशिरा लागलेल्या छंदांप्रमाणे तो घट्ट चिकटला. माधुरीने कळवले होते की तिच्या लेकीने आणि चार-सहा जणांनी शाहपूरच्या पुढे टेकड्यांत एक पायवाट हेरली आहे. सागवानातून निघायचे, नाल्याकाठच्या बागांतून जायचे आणि देवीच्या टेकडीवर पोहोचायचे. आम्हा सायकलवाल्यांच्या फोनमध्ये एक सोय असते. एखाद्या वाटेवर कोणी किती वेळ घेतला, ते सारे एका यादीत उतरते. सर्वांत वेगवान माणूस वर, सर्वांत सावकाश माणूस तळाशी. निघण्यापूर्वीच मी ती यादी पाहिली होती. सर्वांत वर रूपाली होती, एक्केचाळीस मिनिटांवर. एवढ्याशा वाटेला एवढा वेळ? मला नवल वाटले. आमच्याकडे अजिंक्यताऱ्याच्या अंगाखांद्यावर याहून अवघड वाटा आम्ही याहून लवकर उरकतो. पण मनात आलेले सारेच बोलायचे नसते, हे वृत्तांइतकेच मी पाठ केलेले आहे.

रात्री ताटात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, शेवभाजी आणि ठेचा होता, माधुरीपुढे साबुदाणा. जेवता जेवता रूपालीने मला यादीचे महत्त्व सांगितले. दसऱ्याला ही सारी मंडळी सायकलींवर सीमोल्लंघन करतात, आणि तेही अक्षरशः. देवीच्या टेकडीमागे राज्याच्या हद्दीचा दगड आहे. तो ओलांडून महाराष्ट्रात जायचे, तिथल्या आपट्याची पाने घ्यायची आणि परत यायचे. आठव्या माळेच्या सकाळी यादीत जो पहिला असेल, त्याने सर्वांच्या पुढे झेंडा घेऊन जायचे आणि पहिले पान त्याने तोडायचे.

"मागच्या साली गोलू होता पुढे. आमच्या गल्लीत इलेक्ट्रिकचं दुकान आहे नं, त्या दुकानवाल्याचा तो," रूपाली म्हणाली. "आता वर्षभर मी रोज पाच वाजता उठून राहिली, मावशी. ह्या वर्षी मीच."

"आणि तुझे बाबा काय म्हणतात?" मी विचारले.

सुधाकररावांनी भाकरीचा तुकडा ठेच्याला टेकवला. "मी हिला नेहमी विचारतो, ह्या सायकलीचं पुढं काय? म्हणते, पुढं मी! म्हटलं चला, बघू तरी. दसऱ्याची ड्यूटी बदलून घेतली आहे. दगडापाशी उभा राहणार."

खिडकीखालच्या शिवणयंत्रावर पिवळ्या कापडाचा एक तुकडा अर्धवट टीप घालून पडला होता. माधुरी म्हणाली, "झेंडा आहे. काठी तेवढी बाकी."

पाचवी माळ, शाहपूरच्या पुढे

आश्विनातली पहाट इथे केळीच्या पानांवरून उगवते. शाहपूर मागे पडले तसे रस्त्याच्या दोन्ही अंगांना बागाच बागा लागल्या. पानांना दव इतके, की वारा आला की रस्त्यावर बारीक सर पडे. हवेला हिरव्या, किंचित तुरट अशा रसाचा वास होता. आमच्याकडे पहाटेला उसाचा गोडसर धूर असतो. इथे पहाट कच्ची आणि गार असते.

पाण्याच्या टाकीपाशी मंडळी जमली होती. यंत्रमागावर कापड विणणारे, पन्नाशीचे, भरघोस मिशांचे प्रकाशदादा या गटाचे वडीलधारे. शेजारी सायकलीच्या साखळीला तेल देत बसलेला गोलू. मी पाहुणी, म्हणून सर्वांच्या आधी मला सोडायचे ठरले. बाकीच्यांनी थोड्या थोड्या अंतराने निघायचे, म्हणजे अरुंद वाटेवर कोणी कोणाला अडणार नाही.

"ताई, रस्ता एकदम सीधा आहे," प्रकाशदादा म्हणाले. "सागवान, मग नाला, मग चढाई. फक्त एक ध्यानात ठेवा. केळी आली की उतरा."

"उतरते," मी म्हणाले.

"भुलू नका हां ताई," गोलूने पुस्ती जोडली. "तिथं सगळेच उतरतात."

डोंगरवाटेवर सायकल चालवणाऱ्या माणसाला 'उतरा' यापेक्षा गोड क्रियापद मराठीत नाही. चढ हे आमचे कर्तव्य. उतार ही त्याची दक्षिणा. सागवानातून मी निघाले तेव्हा वाळली पाने चाकांखाली पापडासारखी मोडत होती. कुठेतरी कोतवाल पक्षी शीळ घालत होता. वाट दोनदा वळली, झाडी विरळ झाली, आणि समोर खरोखरच जमीन खाली झेपावली. त्या घळीच्या तळाशी, नाल्याकाठी, हिरव्या पाण्याच्या डोहासारखी केळीची बाग पसरलेली होती.

केळी आली होती. मी उतरले.

कशी उतरले ते काय सांगू! ब्रेकवरची बोटे सैल सोडली, अंग मागे झुकवले आणि वाटेने मला नेले तशी गेले. बागेच्या मधून जाणारी पायवाट हातभर रुंदीची होती. दोन्हीकडून पाने माझ्या खांद्यांना, गालांना, हेल्मेटला थपडा देत होती. जांभळी केळफुले डोळ्यांसमोरून दिव्यांच्या माळेसारखी सर्रकन मागे जात होती. बागेच्या मध्यावर नऊवारी खोचलेली एक म्हातारी विळा घेऊन उभी होती. तिने हात वर करून मोठ्याने हाक दिली, "ओ बाई! ओ ऽऽ!"

किती रसिक गाव, असे माझ्या मनात आले. मीही हात हलवला.

टेकडीवर देवीचे छोटे ठाणे आणि त्याच्या शेजारी चहाची टपरी आहे; एरवी परतायचे ते तिथून पलीकडच्या डांबरी रस्त्याने. मी पोहोचले तेव्हा दूध नुकते तापत होते. थोड्या वेळाने एकेक जण धापा टाकत आला. चहा हातात आल्यावर, मुलामुलीच्या पत्रिका जुळवाव्यात तसे सर्वांनी आपापले फोन बाकावर शेजारी शेजारी मांडले.

"छत्तीस?" गोलू माझ्या फोनवर वाकला. "ताई, उडून आल्या काय?"

प्रकाशदादांनी फोनकडे पाहिले नाही. त्यांनी माझ्या हेल्मेटच्या फटीत अडकलेली केळीच्या पानाची चिंधी पाहिली, पिवळ्या जाकिटाच्या बाहीवरचा ओला ओरखडा पाहिला आणि चहाचा एक सावकाश घोट घेतला. रूपाली सर्वांत शेवटी आली होती. तिने वाकून यादी पाहिली. माझे नाव वर, तिचे त्याखाली.

"मस्तच, मावशी," ती म्हणाली. पण तिचा चेहरा उतरला होता. दमली असेल, असे मला वाटले. पोरगी पहाटे पाचला उठते.

"मग ठरल्यातच जमा," मिशीवरची साय पुसत प्रकाशदादा म्हणाले. "दसऱ्याला पुढे ताई. पाहुण्यांचा मान पहिला."

"छे हो! मी तर सप्तमीला परत निघणार. रूपालीच पुढे हवी."

"नाही मावशी," रूपाली चटकन म्हणाली. "टाइम तो टाइम. तुम्ही थांबून घ्या दसऱ्यापर्यंत."

आमच्याकडे असा आग्रह तीनदा होतो आणि होकार तिसऱ्यांदा द्यायचा असतो. मी दुसऱ्यांदाच दिला. रूपालीसाठी जीव चुटपुटत होता हे खरे. आणि मनाच्या एका कोपऱ्याला गुदगुल्या होत होत्या, हेही तितकेच खरे.

सहावी माळ, द्वारकाआजींची बाग

सकाळी माधुरी मोरीत माझे जाकीट घासत बसली होती. बाहीवरचा ओरखडा रात्रीतून काळपट तपकिरी झाला होता.

"सोड गं, निघेल."

"हा नाही निघत. केळीचा चीक आहे," ती म्हणाली आणि काही विचारावेसे वाटूनही न विचारल्यासारखी पुन्हा घासू लागली. शिवणयंत्रावर झेंडा नव्हता. आतल्या खोलीत सुधाकरराव फोनवर हळू आवाजात बोलत होते, "नाही, मग ती ड्यूटी राहू दे नं माझ्याकडेच. नाही, काही नाही, असंच."

एखाद्या ओळीत सारी अक्षरे जागच्या जागी असावीत आणि तरी ती ओळ चालीत म्हणता येऊ नये, तसे ते घर मला त्या सकाळी वाटले. कुठेतरी एक मात्रा माझ्यामुळे चुकली होती. ती कुठली, ते कळेना. दुपारी मी एकटीच रिक्षाने शाहपूरला गेले आणि तिथून पुढे पायी. निमित्त बाग नीट पाहण्याचे होते. वेगात पाहिलेले सौंदर्य हे ऐकीव सौंदर्यासारखेच असते.

ती पायी पाहिली तेव्हा बाग वेगळीच होती. घडांच्या भाराने एका अंगाला कललेल्या केळींना बांबूचे टेकू दिलेले होते. जमिनीवर ठिबकच्या काळ्या नळ्या पसरल्या होत्या. पानांतून झिरपणारा उजेड ताकासारखा पातळ, हिरवट होता. बांधावर तीच म्हातारी सुपारी कातरत बसली होती.

"तूच नं वं ती? हात हालवून गेली ती?"

"हो, आजी. तुम्ही हाक मारली होती."

"हाक मारली? उतर म्हने मी! उतर! अन् तू हात हालवून गेली, बारातीत आल्यासारखी!"

"अहो, मी उतरलेच की. एवढ्या उतारावरून..."

आजी कातरायची थांबली. माझ्याकडे नीट पाहिले. मग तिच्या खांद्यांपासून हसू सुरू झाले आणि ते तोंडापर्यंत येईतो तिच्या डोळ्यांतून पाणी आले. "अवं माय! सायकलीवरून उतर म्हने! खाली पाय ठेव! तू त घसरगुंडी खेळली!"

मराठी वृत्ते शिकवता शिकवता माझी वीस वर्षे गेली, आणि एका साध्या क्रियापदावरून मी केळीच्या बागेत आडवी झाले.

म्हातारीचे नाव द्वारकाआजी. त्यांनी मला शेजारी बसवले. त्यांच्या तोंडी 'ळ' विरघळून 'य' होतो; केळी 'केयी' होतात, आणि कानाला त्या अधिकच कोवळ्या लागतात. वाट त्यांच्या शेतातून जाते. पोरांनी विचारले तेव्हा त्यांनी एकच अट घातली. बागेत सायकलीवर बसून जायचे नाही. उतरायचे, सायकल हाताने न्यायची, रामराम करायचा, देईन ते केळे खायचे आणि मग पुढे जायचे.

"नळ्या तुटतील म्हणून का, आजी?"

"नय्या काय, त्या जोडता येतात." त्यांनी समोरच्या, घडाने वाकलेल्या केळीकडे विळ्याने बोट केले. "ही निसवली आहे नं, घड धरला हिनं. पोटाचं ओझं घेऊन ही उभी आहे दिवसरात. हिच्यापुढून आपन बसून कसं जायचं?"

 वाऱ्याने एक पान सावकाश फाटल्याचा आवाज आला.

"रूपाली येते नं," आजी पुढे म्हणाल्या, "ती दर खेपी उतरते. घाईत असते, पन उतरते. सालीसकट गिळते की काय असं वाटतं, पन केयं खाऊन जाते."

तेव्हा मला त्या यादीचा अर्थ लागला. एक्केचाळीस मिनिटांत एक रामराम होता, एक केळे होते आणि बागेइतके चालणे होते. ओळीच्या मध्यात जिथे श्वास घ्यावा लागतो, त्या जागेला आम्ही यती म्हणतो. यती मोडून ओळ लवकर म्हणता येते, पण मग ती त्या वृत्ताची राहत नाही. माझी छत्तीस मिनिटे ही नुसती यतिभंगाची कमाई होती. हे टपरीवर सर्वांना पहिल्या नजरेत कळले होते, आणि पाहुणी म्हणून एकानेही तोंडातून अक्षर काढले नव्हते.

संध्याकाळी गच्चीवर मी रूपालीला गाठले. "मी माझी नोंद पुसून टाकते."

"नको मावशी."

"अगं, मी उतरलेच नव्हते!"

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"तू सांगायचंस ना तिथल्या तिथे!"

"पाहुण्याला कसं सांगायचं की तुम्ही चुकल्या? आईने धुऊन काढलं असतं मला, जाकिटाच्या अगोदर." ती हसली, आणि लगेच गंभीर झाली. "तुम्ही डिलीट केलं तर ती जागा माझी नाही राहणार. तुमच्या मेहरबानीची राहील. गोलू सालभर चिडवेल. अष्टमीला अजून एक राइड आहे. मी छत्तीसच्या खाली आणते."

"उतरून?"

"उतरूनच नं. आजी आहे तिथं."

ते होणे शक्य नव्हते. तिलाही ते ठाऊक होते, मलाही. खाली गल्लीत आरतीची झांज सुरू झाली आणि आम्ही दोघीही ती फार लक्ष देऊन ऐकू लागलो.

आठवी माळ, टेकडी

मधल्या सातव्या माळेला मी काय केले? राजघाटावर तापीत पाय सोडून बसले आणि दराबा खाल्ला. रवा, तूप आणि साखर फेटून फेटून इतका हलका केलेला हा गोड पदार्थ, की जिभेवर ठेवला आणि तो होता की नव्हता याचाच संभ्रम पडावा. मनावरचे ओझे मात्र तितके विरघळणारे नव्हते.

अष्टमीला मी सर्वांच्या शेवटी निघण्याचे मागून घेतले. रूपाली सर्वांच्या पुढे सुटली, गोफणीतल्या दगडासारखी. माझी पाळी आली तेव्हा सागवानात ऊन उतरू लागले होते. घळीच्या काठावर आले, केळी आली, आणि मी ब्रेक दाबून सायकलीवरून पाय खाली ठेवला. उतरण्याची ही दुसरी तऱ्हाही वाईट नाही. पायाखाली ओली माती असते, हाताला सायकलीचे वजन कळते, आणि आपल्याहून उंच असलेल्या गोष्टी एकदम उंच दिसू लागतात.

"रामराम, आजी."

"रामराम. आली?" आजींनी माझ्या हातात एक केळे ठेवले. "ती पोरगी रडकं तोंड घेऊन गेली आज. मी म्हने, काय झालं वं? त म्हने, आजी, टाइम कमी पडते."

मी त्यांना सारे सांगितले. यादी, छत्तीस, एक्केचाळीस, झेंडा, बदललेली ड्यूटी पुन्हा मागून घेतलेले सुधाकरराव. आजी शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी विचारले, "म्हनजे तो फोन म्हनतो, तू परवा-तेरवा पोचली?"

"हो."

"खोटं आहे. जो इथं उतरला नाही, तो इथून गेलाच नाही. त्या दिवसापासून तू माझ्या शेतातच आहे, बाई. तुझी घडी चालूच आहे." त्यांनी घडातून केळ्यांची एक अख्खी फणी कापली आणि माझ्या सायकलीच्या दांड्याला सुतळीने बांधली. "आता उतरली, आता जा. तिथं सांग त्यांना, आजीनं आज सोडली म्हनून."

टेकडीवर बाकावर फोन मांडलेले होते. रूपालीने चाळीस मिनिटांत वाट संपवली होती. तिच्या आयुष्यातली सर्वांत चांगली वेळ, आणि तरी ती ठाण्याच्या पायरीवर गुडघ्यांत मान घालून बसली होती. 

"ताई, तुमचं नावच वर आहे," प्रकाशदादा उसन्या उत्साहाने म्हणाले.

मी फणी सोडून बाकावर ठेवली. "माझी पाचव्या माळेची राइड आत्ता संपली."

"मतलब?" गोलू म्हणाला.

"मी बागेत उतरले नव्हते, म्हणून बागेतून निघालेच नव्हते. आज उतरले. आजींनी आज सोडलं."

"आजीनं बोललं असं?"

"ही फणी पाठवली आहे."

गोलूने फणीकडे पाहिले, प्रकाशदादांनी गोलूकडे. मग दादांच्या मिशा थरथरू लागल्या. "म्हणजे ताईंचा टाइम... पाचव्या माळेच्या सकाळपासून आठव्या माळेच्या सकाळपर्यंत..."

"तीन दिवस!" गोलू ओरडला. "तीन दिवस अन् वरची मिनटं! इतिहासात इतकी हळू कोणी नाही आलं, ताई! रेकॉर्ड तो रेकॉर्ड है!"

टपरीवाल्याने हसता हसता दूध उतू घालवले. मी फोन रूपालीपुढे धरला. "आता ही छत्तीस मिनिटांची नोंद खोटी ठरली. खोटी नोंद पुसणं म्हणजे मेहरबानी का?"

तिने मान वर केली. डोळे ओले होते, पण ओठांच्या कडेला काहीतरी हलत होते. "आजीनं सांगितलं तर मग काही इलाज नाही," ती म्हणाली, आणि माझ्या फोनवरचे बटण तिनेच दाबले. यादी एकदा थरथरली आणि तिचे नाव वर सरकले. मग तिने पिशवीतून फोन काढला आणि घरी लावला. "बाबा? ड्यूटी बदलून घ्या परत. हो, आत्ता. हो, मीच!"

गोलू तोवर केळे सोलत म्हणाला, "म्हणजे मी दुसरा. अन् ताई, तुम्ही लास्ट. दसऱ्याला सर्वांच्या मागे चालावं लागेल. मागच्याचा पण मान असते आमच्याकडे. कोणी पडलं तर उचलायचं."

दसरा, हद्दीचा दगड

हद्दीचा दगड अगदीच साधा निघाला. गुडघ्याएवढा, चुन्याने रंगवलेला. त्याच्या अलीकडे एक राज्य, पलीकडे दुसरे. गवताला याची खबर नव्हती. सीमोल्लंघन म्हणून आम्ही साताऱ्यात गावाबाहेरच्या मैदानात जातो आणि पाने वाटून परततो. सीमा मनात धरावी लागते. इथे ती पायाला लागते.

सुधाकरराव इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दगडापाशी उभे होते. रूपाली पिवळा झेंडा फडकवत सर्वांच्या पुढे आली, न थांबता दगड ओलांडून महाराष्ट्रात गेली, आपट्याचे पहिले पान तोडले आणि परत येऊन वडिलांच्या हातात ठेवले. ते पान त्यांनी खिशात घातले नाही. बराच वेळ तळहातावरच धरून ठेवले.

"बरं," अखेर ते म्हणाले. "आता पुढं काय?"

"आता मागं," रूपाली म्हणाली. "घरी. भूक लागली."

दसऱ्याला मात्र आल्या वाटेनेच परतायचे असते; टेकडीच्या या अंगाने ती घळीत उतरते आणि समोरून तीच बाग लागते. पाने उन्हात चकाकत होती. बांधावर द्वारकाआजी नवे लुगडे नेसून बसल्या होत्या. आज त्यांच्यापुढे केळ्यांची मोठी पाटी होती. सर्वांत पुढून रूपालीचा आवाज आला, "केळी आली, उतरा!" तो शब्द एका पाठीवरून दुसऱ्या पाठीवर येत राहिला. प्रकाशदादा म्हणाले, "उतरा." गोलू मागे वळून, खास माझ्यासाठी, प्रत्येक अक्षर सुटे करत म्हणाला, "ताई, उ-त-रा. पाय खाली!"

मी पाय खाली ठेवला. माझ्यामागे कोणी नव्हते. रिकामी वाट होती आणि तिच्यावर आमच्या चाकांच्या गुंतलेल्या रेघा होत्या. तरीही मी मागे वळून म्हणाले, "उतरा," आणि मग केळींच्या पुढून चालत गेले.